गावी गेलेल्यांची यादी

डोंगरावरच्या सहा चाळींत मिळून अकराशेच्या आसपास मतदार होते आणि त्यातल्या प्रत्येकाचा चेहरा काशीराम धुरीला पाठ होता. नुसता चेहरा नव्हे. बापाचं नाव, कोकणातलं गाव, गावातली वाडी, भावाशी कोर्टात दावा चालू असेल तर तोही. देव कुणाला गळा देतो, कुणाला हात. काशीरामला त्याने ही एवढीच देणगी दिली होती, आणि कुर्ल्याच्या गिरणीत बावीस वर्षं कापड विणायचे साचे चालवून जे नाव मिळालं नव्हतं ते तिने मिळवून दिलं. घाटकोपरच्या त्या म्युनिसिपल शाळेत मतदान असलं की पक्षाचा पोलिंग एजंट म्हणून आतल्या बाकावर काशीरामच बसायचा. अधिकाऱ्याने नाव पुकारलं की समोर आलेला माणूस खरा की तोतया, हे बघणं एजंटचं काम. काशीराम आत आहे म्हटल्यावर तोतये शाळेची पायरीसुद्धा चढत नसत. दुसऱ्या पक्षांचे एजंट तर त्याच्या भरवशावर खुशाल डुलक्या काढत.

पक्षाची निशाणी गलबत. काशीराम सांगायचा की त्याचा आजा गलबतावर तांडेल होता. खरं म्हणजे आजा साधा खलाशी होता, पण निवडणुकीच्या दिवसांत त्याला बढती मिळायची. गलबताखेरीज दुसरीकडे शिक्का मारायचा असतो हे धुऱ्यांच्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अपवाद एकीचा, पण ते पुढे येईलच.

पंच्याऐंशी साली महापालिकेच्या निवडणुका लागल्या आणि पक्षाने तिकीट दिलं रतन भोगलेला. या रतनचे पाण्याचे टँकर होते. ज्या वर्षी टँकर रस्त्यावर दिसायला लागले त्याच वर्षापासून डोंगरावरचा नळ आटायला लागला. खाली रस्त्याच्या कडेला पाण्याचा व्हॉल्व्ह होता. तो कोण फिरवतं हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. ज्या बायकांनी टँकरपुढे हंड्यांवरून एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या, त्यांच्याकडेच रतन हात जोडून मतं मागत फिरला. लाज नावाची चीज त्याने कधी विकत घेतली नव्हती आणि फुकट त्याला कुणी दिली नव्हती.

त्याच्या विरोधात वसुधाबाई लिमये अपक्ष उभ्या होत्या, छत्रीच्या निशाणीवर. बाई डोंगराखालच्या सोसायटीत राहायच्या. याच म्युनिसिपल शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं आणि आता निवृत्त झाल्या होत्या. काशीरामची मुलगी कुंदा त्यांच्याच हाताखाली शिकली. नळासाठी वॉर्ड ऑफिसात खेटे घालून बाईंच्या चपला झिजल्या होत्या. बाईंच्या मागे कुठला पक्ष नव्हता. होती ती चार माजी विद्यार्थ्यांची पोरंटोरं आणि एक हातगाडी.

काशीरामचं बाईंशी नातं मात्र नळाचं नव्हतं.

ब्याऐंशीचा गिरणी संप लागला, पगार थांबला, आणि त्याच पावसाळ्यात त्याची बायको जानकी हिच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या इस्पितळात खाट मिळवून दिली ती बाईंनी. एवढंच करून त्या थांबल्या असत्या तरी जन्मभराचे उपकार होते. पण बाई दर बुधवारी आणि शनिवारी जाऊन जानकीच्या खाटेवर बसायच्या आणि तिची वेणी घालून द्यायच्या. वर्षाअखेर केस गळून वेणी उंदराच्या शेपटाएवढी झाली, तरी बाईंनी वार चुकवला नाही. एकदा काशीराम पेज घेऊन गेला तेव्हा जानकी बाईंच्या देखत त्याला म्हणाली, "ही बाय निवडणुकीक उभी रवली तर माझा मत तिका. शब्द दिलंय मी. तुमचा गलबत ऱ्हवांदे धक्क्याक."

बाई हसल्या होत्या. तेव्हा त्यांच्या मनात निवडणूक नव्हती. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत जानकी गेली. स्मशानाच्या फाटकापर्यंत बाई चालत आल्या होत्या.

जानकीच्या अस्थी त्याने गावच्या खाडीत सोडल्या. परत आल्यावर चाळीत कुणी विषय काढला तर मान हलवायचा, पण मनाशी म्हणायचा, ती गावी आहे. दुःखावर माणूस काय काय पट्ट्या बांधतो, त्यातलीच ही एक. चाळीत कुणी वारलं की मतदार यादीतून नाव कमी करण्याचा अर्ज काशीरामच भरून द्यायचा. दोन वर्षांत असे चौदा अर्ज त्याने भरले. जानकीचा भरला नाही. कुंदाने एकदा आठवण करून दिली, तर करू म्हणाला आणि चपला घालून बाहेर निघून गेला.

मतदानाच्या आधी आठ दिवस तो नेहमीसारखा यादी घेऊन दारात बसला. हे त्याचं वर्षानुवर्षांचं काम. तांबडी पेन्सिल घेऊन एकेका नावावर खूण करायची. वारलेल्याच्या नावापुढे 'कै.', लग्न होऊन गेलेल्या मुलीपुढे 'सासरी', गावी गेलेल्यापुढे 'गावी'. एप्रिलच्या अखेरीला निवडणूक लावणाऱ्याने कोकणी माणूस कधी बघितला नसावा. परीक्षा संपल्या की अर्धा डोंगर गाठोडी बांधून गाडीत बसतो. आंबे उतरवायचे असतात, घर शाकारायचं असतं, तुंबलेली लग्नं उरकायची असतात. 'गावी' लिहून लिहून काशीरामची पेन्सिल बोथट झाली.

चारशे सोळा नंबरला त्याचं स्वतःचं नाव होतं आणि चारशे सतराला जानकी काशीराम धुरी, वय एकेचाळीस. तिथे त्याचा हात थांबला. त्याने 'कै.'साठी पेन्सिल टेकवली आणि उचलली. मग घाईघाईने 'गावी' लिहिलं आणि पान उलटलं.

खुणा केलेली यादी बघायला नाना आले. नाना म्हणजे डोंगरावरचा पक्षच. सत्तरी ओलांडलेला माणूस, अंगात तोच खादीचा सदरा, खिशात तोच अडकित्ता. संपात पोलिसांनी काशीरामला उचललं तेव्हा दोन दिवस दोन रात्री नाना चौकीच्या पायरीवर बसून राहिले होते, त्याला सोडवल्याशिवाय हलले नव्हते. गिरणी गेल्यावर विक्रोळीच्या कारखान्यात दरवानाची नोकरी नानांनीच लावून दिली. काशीरामच्या ताटातल्या भाकरीला नानांचा हात लागला होता, आणि खाल्ल्या मिठाला न जागणारा माणूस काशीरामच्या घराण्यात झाला नव्हता.

या वेळी गावी गेलेल्यांची नावं वेगळी उतरवून हवी होती. नाना म्हणाले, पक्ष दोन ट्रक पाठवून लोकांना गावाहून आणवणार आहे, नंदू म्हणून नवीन कार्यकर्ता आहे तो ते काम बघतो. काशीरामने नावं उतरवून दिली. मग धीर करून म्हणाला की, नाना, रतनला मत द्यायला माझा हात होत नाही.

नानांनी सुपारी कातरायची थांबवली. रतन नालायक आहे हे त्यांनी लगेच कबूल केलं. वरून लादलाय, आपलं कुणी विचारलं नाही, म्हणाले. "पण ऐक. बाई चांगली आहे, देवमाणूस आहे. उद्या तुझ्या दारात पोलीस आले तर बाई येईल. एकटी येईल. मी आलो तर माझ्यामागे दोनशे माणूस येतो, तो कशामुळे येतो? निशाणीमुळे. दर वेळेला माणूस बघून मत द्यायला लागलो तर निशाणी संपली. आणि निशाणी संपली की आपल्यासारख्याला कुत्रा विचारत नाही, काशीराम."

नाना खोटं बोलत नव्हते. आणि जानकीही खोटं बोलली नव्हती. या दोन खऱ्यांच्या मध्ये सापडून काशीरामला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्याने मनाशी तोड काढली: पक्षासाठी एजंट म्हणून इमानाने बसायचं, आणि पडद्याआड गेल्यावर छत्रीवर शिक्का मारायचा. नानांचंही राहील, जानकीचंही राहील. दोन्ही दगडांवर पाय ठेवून नदी उतरता येते असं त्या बिचाऱ्याला वाटलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता तो बाकावर जाऊन बसला. शेजारी बाईंची एजंट होती, नीला नावाची कॉलेजातली मुलगी. तिला डोंगरावरचं एक माणूस ओळखीचं नव्हतं. तिने बसल्या बसल्याच सांगून टाकलं, "बाई म्हणाल्या, काशीरामकाका असतील तर तू काळजी करू नकोस. त्यांनी हो म्हटलं की हो."

काशीरामला बरं वाटलं. सकाळभर सगळं सुरळीत चाललं होतं. नाव पुकारलं जाई, नीला त्याच्याकडे बघे, तो मान हलवी, माणसाच्या डाव्या बोटाला शाई लागे. गावाहून मात्र कुणीच आलेलं दिसेना. ट्रक घाटात अडकले असतील, असं त्याला वाटलं.

दुपारी दीडच्या सुमाराला उन्हाने शाळेचं पटांगण ओस पडलं. तिसऱ्या पक्षाचा एजंट जेवायला गेला. तेव्हा अधिकाऱ्याने नाव पुकारलं, "धाकू गणपत राणे."

धाकू राणे म्हणजे दुसऱ्या चाळीतला म्हातारा, एका डोळ्यात मोतीबिंदू. पंधरा दिवसांपूर्वीच काशीरामने त्याचं गाठोडं स्टँडपर्यंत पोचवलं होतं. समोर उभा होता पंचविशीतला पोरगा, गळ्यात रुमाल. काशीरामने दाराकडे बघितलं. दारात नंदू उभा होता. त्याच्या हातात कागद होता. त्या कागदावरचं तांबडं अक्षर काशीरामने इतक्या लांबून ओळखलं, कारण ते त्याचं स्वतःचं होतं.

नीलाने विचारलं, "काका, हे बरोबर ना?"

आक्षेप घेतो, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण मग पोलीस त्या पोराला धरणार, पोरगा नंदूचं नाव घेणार, कागद सापडणार, आणि बाहेर मांडवात चिठ्ठ्या वाटत बसलेल्या नानांच्या सदऱ्याला हात लागणार. चौकीच्या पायरीवर दोन रात्री बसलेल्या माणसाला आपण चौकीत पाठवायचं? काशीरामने मान हलवली. पोराच्या बोटाला शाई लागली.

पुढे ते सोपं होत गेलं, हेच त्यातलं वाईट. गावात आंबे उतरवत असलेली माणसं एकेक करून घाटकोपरात मत देऊन जाऊ लागली. तीन, चार, सात. दर वेळी नीला विश्वासाने बघायची आणि दर वेळी काशीराम मान हलवायचा. त्याची मान एवढी जड कधी झाली नव्हती. सात जणांना हो म्हटलेल्या माणसाला आठव्याला नाही म्हणता येत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

आणि मग अधिकाऱ्याने पुकारलं, "चारशे सतरा. जानकी काशीराम धुरी."

काशीरामला आधी वाटलं की आपल्याला डुलकी लागली. त्याने वर बघितलं. तीस-बत्तीस वर्षांची एक बाई टेबलापुढे उभी होती. जांभळं लुगडं, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. घामाने ते जरासं ओघळलं होतं. कुठल्या तरी दुसऱ्या वस्तीतून टेंपोत घालून आणलेली, पोटाच्या मागे लागलेली बाई. तिच्या हातात चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर जानकीचं नाव होतं.

अधिकाऱ्याने यादीत बघितलं, मग काशीरामच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं आणि दिवसभरात पहिल्यांदाच तो हसला. "काशीराम धुरी म्हणजे तुम्हीच की हो. मंडळी का?"

नीलाही हसून बघायला लागली. खोलीत कुणाचीच घाई नव्हती. वरचा पंखा कुरकुरत होता. काशीरामच्या डोळ्यांपुढे उंदराच्या शेपटाएवढी वेणी आली आणि ती विंचरणारे बाईंचे हात आले. शब्द दिलंय मी, असं जानकी म्हणाली होती. नाही म्हण, असं त्याच्या आतून कुणीतरी ओरडून सांगत होतं. ही माझी बायको नाही, माझी बायको मेली, दोन वर्षं झाली. हे वाक्य त्याने आजवर एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं. पहिल्यांदा उच्चारायचं ते इथे, पोलिसांसमोर? दारात नंदूने घसा साफ केला.

"हो," काशीराम म्हणाला.

अधिकाऱ्याने नावावर रेघ मारली. बाईच्या बोटाला शाई लागली. ती पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली, शिक्क्याचा आवाज आला, कागद पेटीत पडला. जाताना ती बाकापाशी थांबली. तिलाही बिचारीला वाटलं असावं की आता सोंग नीट वठवायला हवं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली, "मी जाते घरी. तुमी लवकर या जेवायला."

नीलाला ते फार आवडलं. काशीरामने यादीत तोंड खुपसलं. दोन वर्षांत असं बायकोसारखं त्याला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं.

काशीराम आणि जानकी दर निवडणुकीला सगळ्यात शेवटी मत देत, दोघं मिळून. पाचला पाच मिनिटं कमी असताना तो एकटा उठला. आडोशाला जाऊन छत्रीवर शिक्का मारला. शिक्का नीट बसला. कागदाची घडी घालताना मात्र त्याच्या लक्षात आलं, की जानकीचं मत गलबताला पडलं आणि आपलं छत्रीला. धुऱ्यांच्या घरात कुणीच राहत नसतं तर बाईंचा जेवढा फायदा झाला असता, तेवढाच आता झाला होता.

पेट्यांना लाख लागली. काशीरामने कागदांवर सह्या केल्या आणि बाहेर आला. मांडवात नाना खुर्चीवर बसले होते. त्यांनी अडकित्त्यातून मान वर केली नाही. त्यांना आधीपासून ठाऊक होतं की आजच कळलं, हे काशीरामने विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

फाटकाशी वसुधाबाई उभ्या होत्या, नीलाला न्यायला आल्या होत्या. दिवसभराच्या उन्हाने त्यांचा चेहरा करपला होता. नीला धावत गेली आणि उत्साहाने सांगायला लागली की काही गडबड झाली नाही, काशीरामकाकांनी एकेक माणूस ओळखून दिला. "आणि बाई, काकूपण आल्या होत्या मत द्यायला. किती छान आहेत हो. काकांना म्हणाल्या, लवकर जेवायला या."

"कुठल्या काकू?" बाईंनी विचारलं.

"यांच्याच. जानकीकाकू."

बाईंनी काशीरामकडे बघितलं. तो फाटकाला धरून उभा होता. शिव्या दिल्या असत्या, आरडाओरडा केला असता, अधिकाऱ्याला बोलावलं असतं, तर त्याने हात जोडून सगळं कबूल केलं असतं. तो त्याचीच वाट बघत होता. बाईंनी तसं काहीच केलं नाही. मग म्हणाल्या, "त्यांनी मला शब्द दिला होता मताचा." आणि पुढे, "दिवसभर बसून आहात, काशीराम. घरी जा आता."

माझं मत तुम्हालाच आहे बाई, हे त्याच्या ओठापर्यंत आलं होतं. ते त्याने गिळलं. बाई नीलाचा हात धरून उताराने खाली गेल्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

घरी आल्यावर काशीराम दारात बसला. पिशवीतून यादी काढली, चारशे सतरा नंबर काढला. तांबडी पेन्सिल पुसली जात नाही, म्हणून त्याने 'गावी'वरच गिरवून गिरवून 'कै.' लिहिलं. कागद फाटेपर्यंत गिरवलं.

कुंदा चहा घेऊन आली तेव्हा तिचा बाप यादीवर डोकं टेकून रडत होता. आई गेली तेव्हाही तिने त्याला असं रडताना बघितलं नव्हतं. पक्ष हरला की काय, असं तिला वाटलं. पण मतमोजणी तर उद्या होती.